कडू तेवढं औषध?

परवा सुंठ आणायला दुबईत देऱ्याच्या मसाला बाजारात गेलो होतो. सुक्या लिंबांच्या पोत्याशेजारी तपकिरी काड्यांची जुडी दिसली. दुकानदार म्हणाला, "चिरायता, नेपाळचा." म्हणजे आपलं काडेकिराईत! लहानपणी ताप आला की आजी रात्री या काड्या भिजत घालायची आणि सकाळी नाक दाबून ते पाणी पाजायची.

जपानमध्ये पीएच.डी. करताना किराइताची एक बहीण भेटली होती, सेन्बुरी. गरम पाण्यात हजार वेळा हलवली तरी कडूपणा संपत नाही, म्हणून हे नाव. जपानी लोक ती पोटासाठी घेतात, आपण किराईत तापासाठी. (कोकणातलं ओलेकिराईत मात्र वेगळंच झाड. कडूपणा सारखा, म्हणून नावही तेच!)

तापाला कडूच का? कारण एका कडू औषधाने खरोखरच बाजी मारली होती. सिंकोनाच्या सालीतून १८२० साली क्विनीन वेगळं काढलं गेलं आणि हिवतापाला खरा उतारा मिळाला. मग बाकीच्या कडू वनस्पतींचाही भाव वाढला. १८३९ साली किराईत एडिंबराच्या अधिकृत औषधकोशात जाऊन बसलं. पण ते क्विनीन नव्हतं. त्याने भूक लागत असेल, हिवतापाचे जंतू मरतात असं काही सिद्ध झालेलं नाही.

इथल्या इतिहासाने मला हेच शिकवलं. १८६२पासून मुंबईहून आखातात नियमित आगबोटी येऊ लागल्या. १९६६पर्यंत दुबईत व्यवहारही रुपयांत चाले. आपल्याकडच्या मालासारखाच हिवतापही इथे ओळखीचा होता. खजुरांच्या बागांना पाणी देणाऱ्या पाटांत डास वाढत. तो हटला तो डासांच्या अळ्या मारून आणि रुग्ण शोधून, उपचार करून. १९९७ साली शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने अमिरातीला हिवतापमुक्त जाहीर केलं.

आजीचं चुकलं का? तिच्या हाताशी जे होतं ते तिने दिलं. बरा मी बहुधा आपोआपच होत असेन, श्रेय मात्र किराइताला मिळायचं!

सुंठेबरोबर जुडीही घेतली. पण मंडळी, उद्या थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासून घेईन. काड्या भिजतील त्या आजीच्या आठवणीसाठी.