तारेगाच्या घरातली शाळा

स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा लहानपणी पाटाच्या पाण्यात पडला आणि त्याचे डोळे कायमचे अधू झाले. पुढेमागे दृष्टी गेलीच तर वाद्यावर पोट भरता येईल, या हिशेबाने वडिलांनी त्याला संगीत शिकायला घातलं. त्याचे पहिले दोन्ही गुरू स्वतः अंध होते. त्यांतल्या मान्वेल गोन्झालेसने त्याच्याकडून गिटारचा श्रीगणेशा करून घेतला.

1874 मध्ये तो माद्रिदच्या कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. तिथे त्याने पियानो आणि संगीतरचनेचे धडे घेतले. गिटार मात्र त्याने आधीच जवळ केली होती. 1869 मध्ये सेव्हिलला जाऊन त्याने आन्तोनिओ दे तोरेसच्या हातची गिटार घेतली. तोरेसने वाद्याचं पोट मोठं केलं आणि तारेची लांबी सुमारे 65 सेंटिमीटर ठेवली. आजच्या बहुतेक क्लासिकल गिटारींचं माप हेच आहे. हे मोठं वाद्य सावरायचं कसं, याचं उत्तर तारेगाच्या बैठकीने दिलं. डावा पाय छोट्या चौकीवर, गिटार डाव्या मांडीवर, दोन्ही हात मोकळे. आज क्लासिकल गिटारचा नवशिका बहुधा पहिल्याच दिवशी असा बसतो.

तारेगाने शिकवलं ते मुख्यतः खाजगीत, पुढच्या काळात बार्सिलोनात. त्याने पद्धतीचं पुस्तक लिहिलं नाही. त्याच्यामागे राहिल्या त्या मूळ रचना, अल्बेनिस आणि शोपाँ यांच्या संगीताची गिटारवर केलेली रूपांतरं आणि शिष्यांच्या बोटांत मुरलेल्या सवयी. त्यातली एक अशी: तार छेडल्यावर बोट हवेत उचलायचं नाही, ते शेजारच्या तारेवर टेकवायचं. बोटाचं सगळं वजन तारेतून जातं आणि स्वर भरीव, गोल येतो. वाचायला हे सोपं वाटतं. पण बोट नेमकं किती दाबायचं, हे शेजारी बसलेल्या गुरूच्या हाताकडे पाहूनच कळतं.

तार नखांनी छेडायची की नाही, हा वाद तारेगाच्याही आधीचा. गिटारवादक फेर्नान्दो सोर बोटाच्या मांसल टोकाने वाजवायचा, तर दिओनिसिओ आग्वादो नखांनी. पॅरिसमध्ये दोघांची चांगली मैत्री होती आणि सोरने दोघांनी मिळून वाजवायला ‘दोन मित्र’ अशा नावाची जुगलबंदीच रचली. तारेगाने आयुष्याच्या उत्तरार्धात नखं कापून टाकली. मग त्याच्या शिष्यांत दोन तट पडले. एमिलिओ पुजोलने गुरूचा बिननखांचा स्वर अखेरपर्यंत जपला, तर मिगेल ल्योबेतने नखं ठेवली. गुरूला मानूनही शिष्याने आपला स्वर वेगळा शोधला, ही या घराण्याची मोठी गोष्ट.

तारेगाने जे कागदावर मांडलं नव्हतं, ते पुजोलने मांडायला घेतलं. त्याच्या ‘एस्क्वेला राझोनादा’ या पद्धतीच्या पुस्तकाचा पहिला भाग 1934 मध्ये आला, प्रस्तावना संगीतकार मान्वेल दे फाल्याची. पुढे लिस्बनच्या कॉन्झर्व्हेटरीत त्याने अनेक वर्षं शिकवलं.

गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया मात्र आपण आपल्यापाशीच शिकलो असं आयुष्यभर सांगत राहिला. तरी 1915 मध्ये बार्सिलोनात ल्योबेतच्या सहवासात त्याने खूप काही घेतलं, आणि त्याच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ल्योबेतची सावली स्पष्ट ऐकू येते. 1950 पासून तो इटलीत सिएनाला उन्हाळी वर्ग घेऊ लागला. तिथे आलीरिओ दीआस आणि अगदी कोवळ्या वयात जॉन विल्यम्स शिकले. याच विल्यम्सने पुढे जाहीर टीका केली, की सेगोव्हियाच्या वर्गात त्याचीच बोटं, त्याचेच अर्थ जसेच्या तसे गिरवावे लागत. ती टीका रास्त वाटते. पुजोल आणि ल्योबेत यांच्या वाट्याला आलेला मोकळेपणा तिथे आटला होता.

तोवर बहुतेक मोठ्या संगीत विद्यालयांची दारं गिटारला बंदच होती. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ज्युलियन ब्रीम पियानो शिकत होता आणि गिटार घेऊन येऊ नको असं त्याला बजावलं गेलं होतं. काही वर्षांनी विल्यम्सही तिथे गेला; गिटार विभागच नसल्याने त्यानेही पियानोचाच अभ्यास केला. तो बाहेर पडताच नवा गिटार विभाग कॉलेजने त्याच्याच हाती सोपवला. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत अलेक्झांडर लागोयाचा गिटारचा वर्ग भरायला 1969 उजाडलं.