दोन तारांवरचे पत्ते

आजचा विषय आय-टू-सी बस. फिलिप्सने १९८२ मध्ये ती आणली. तारा दोनच, एक डेटाची आणि एक क्लॉकची. पत्ता सात बिटांचा, म्हणजे एकूण १२८ पत्ते. पहिले आठ आणि शेवटचे आठ राखीव, उरले ११२.

चिप शोधताना लिनक्स कर्नल पत्ता तपासतं, ते अगदी साधं आहे. हेक्समध्ये ०८ पेक्षा लहान किंवा ७७ पेक्षा मोठा पत्ता असेल, तर नामंजूर. (पुढचे पत्तेही हेक्समध्येच समजा.) पण पत्ता नियमात बसला म्हणून तिथे आपल्याला हवी तीच चिप असेल असं नाही.

पीसीत तापमान मोजणारी चिप कुठे आहे, याची यादी ही बस देत नाही. मग दार ठोठावायचं. त्याला 'क्विक राइट' म्हणतात: पत्ता आणि लिहिण्याची खूण पाठवायची, होकार आला की काहीच न लिहिता थांबायचं. आमचा संत्री रात्री 'थम, कौन आता है' विचारतो. नुसत्या विचारण्याने कुणाला इजा होत नाही. इथे झाली.

आयबीएमच्या अनेक थिंकपॅड लॅपटॉपमध्ये अ‍ॅटमेलची २४आरएफ०८ ही ईईप्रॉम होती, पत्ता ५० च्या घरातला. तिच्या आतल्या रचनेतच दोष होता. क्विक राइट आलं की तिच्यातली माहिती बिघडायची. एलएम-सेन्सर्स या प्रोग्रामला फक्त तापमान आणि पंख्याचा वेग हवा होता. त्यापायी काही लॅपटॉप पुन्हा सुरूच होईनात!

माझ्या मते दोष चिपचाच. पण विकली गेलेली चिप कोण बदलणार? बदलता येतो तो ड्रायव्हर. पीआयआयएक्स४ च्या ड्रायव्हरने आयबीएमचं यंत्र दिसताच कामाला सरळ नकार दिला. उपाय ढोबळ, पण त्या घडीला योग्य. नंतर कर्नलमध्ये नेमका नियम आला: ३० ते ३७ आणि ५० ते ५एफ या पत्त्यांवर क्विक राइट नको, एक बाइट वाचून बघा. ३० च्या घरात धोका वेगळा होता. तिथल्या काही ईईप्रॉम कायमच्या लेखनबंद होऊ शकत.

मग सगळीकडे वाचूनच का बघू नये? कारण ६९ वर बऱ्याचदा क्लॉकची चिप असते. ती फक्त लिहून घेते. तिच्याकडून वाचायला गेलात तर बसच अडकू शकते.

आता बोर्डावरच्या चिपचे पत्ते बहुधा डिव्हाइस ट्रीमध्ये आधीच लिहिलेले असतात. तरी ६८ घ्या. डीएस१३०७ हे घड्याळ तिथेच आणि एमपीयू-६०५० हा हालचालीचा सेन्सरही तिथेच. म्हणून सेन्सरचा ड्रायव्हर आधी ७५ नंबरचं रजिस्टर वाचतो. त्याचं नावच 'हू अ‍ॅम आय' आहे.