किती आठवडे? : रग्बीतील बंदी आणि चाहत्यांची न्यायबुद्धी

मोठ्या सामन्याच्या आधीच्या आठवड्यात कार्डिफ, लिमरिक, बाथ किंवा ऑकलंडमधले रग्बीचे चाहते जे बोलतात, त्यात डावपेचांपेक्षा कायदा जास्त असतो. गेल्या शनिवारी लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूची सुनावणी कधी आहे, समितीवर कोण बसणार, त्याने चूक मान्य केली का, याआधी त्याला कधी शिक्षा झाली होती, आणि मग सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रश्न : किती आठवडे? या बोलण्याचा अभ्यास करावासा वाटणाऱ्या प्रत्येकाचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे. विधी, समाजशास्त्र, वैद्यक, भाषा यांपैकी कोणत्याही वाटेने या, इथे काम भरपूर आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. चाहते पक्षपाती असतात हे खरे, पण त्यांच्या चर्चेचे मोल त्या पक्षपातामुळे कमी होत नाही. आपला खेळाडू अडकला की चाहता नियम शब्दाशब्दाने वाचतो, जुने निकाल शोधून काढतो, दोन शिक्षांमधली तफावत मोजतो. तटस्थ माणूस इतके कष्ट घेत नाही. खेळाच्या न्यायव्यवस्थेची सर्वांत बारीक छाननी ज्यांचे मन त्यात गुंतले आहे तेच करतात. म्हणून त्यांचे बोलणे हा लोकांच्या न्यायविचाराचा दस्तऐवज समजून वाचायला हवा.

मराठी वाचकासाठी व्यवस्थेची तोंडओळख आवश्यक आहे. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडणे म्हणजे टॅकल. त्यात समोरच्याच्या डोक्याला धडक बसली, तर पंचांनी क्रमाने चार प्रश्न विचारायचे असतात : डोक्याशी संपर्क झाला का, तो नियमबाह्य खेळातून झाला का, धोका किती होता, आणि दोष सौम्य ठरवणारे काही कारण आहे का. सामन्यानंतर प्रकरण शिस्तपालन समितीपुढे जाते. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या 17 क्रमांकाच्या नियमावलीत शिक्षेच्या सुरुवातीचे तीन स्तर आहेत. डोक्याशी संपर्क आला असेल तर सुरुवात किमान मधल्या स्तरापासून, म्हणजे धोकादायक टॅकलसाठी सहा आठवड्यांपासून होते. कबुली, पश्चात्ताप आणि स्वच्छ पूर्वेतिहास यांसाठी साधारणतः निम्म्यापर्यंत सूट मिळू शकते. पंचांच्या नजरेतून सुटलेली गंभीर कृती सायटिंग कमिशनर नंतर समितीपुढे नेऊ शकतो. टॅकलचे तंत्र सुधारण्याचा प्रशिक्षणक्रम पूर्ण केला तर एक सामना कमी होण्याचीही सोय आहे. चाहते त्याला ‘टॅकल स्कूल’ म्हणतात.

आता ओवेन फॅरेलचे प्रकरण पाहू. या क्षेत्रात येणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असे मी सुचवतो. 12 ऑगस्ट 2023 रोजी ट्विकनहॅमवर इंग्लंड आणि वेल्स यांच्यात विश्वचषकापूर्वीचा सराव सामना होता. इंग्लंडचा कर्णधार फॅरेल याने वेल्सच्या टेन बाशमला टॅकल करताना त्याचा खांदा बाशमच्या डोक्यावर आदळला. पंचांनी पिवळे कार्ड दिले. मैदानाबाहेर बसून चित्रफीत तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे नव्याने सुरू झालेल्या ‘बंकर’ने, ते लाल केले. तीन दिवसांनी शिस्तपालन समितीने लाल कार्ड रद्द केले. समितीचे कारण असे, की इंग्लंडच्याच दुसऱ्या खेळाडूच्या हस्तक्षेपामुळे बाशमची दिशा ऐनवेळी बदलली आणि तो फरक दोष सौम्य ठरवण्याइतका मोठा होता. निकाल आल्यावर ब्रिटन, आयर्लंड आणि दक्षिण गोलार्धात एकच गदारोळ उठला. वर्ल्ड रग्बीने स्वतः अपील केले. अपील समितीने निर्णय फिरवला : फॅरेलने समोरच्याला हातांनी कवेत घेण्याचा प्रयत्नच केला नव्हता, आणि हा महत्त्वाचा मुद्दा पहिल्या समितीने विचारात घ्यायला हवा होता. सहा सामन्यांपासून सुरुवात करून चार सामन्यांची बंदी ठरली.

या चार सामन्यांची मोजणी चाहत्यांनी जितकी काटेकोरपणे केली तितकी फार थोड्या वकिलांनी केली असेल. आयर्लंड आणि फिजीविरुद्धचे सराव सामने, मग विश्वचषकात अर्जेंटिना आणि जपान. डब्लिनमधल्या आयर्लंडविरुद्धच्या सामन्यातून फॅरेलने अपील प्रलंबित असताना स्वतःहूनच माघार घेतली होती, आणि तरीही तो सामना बंदीत धरला गेला. म्हणजे विश्वचषकातले फक्त दोनच सामने हुकले. यावर दोन मते होती आणि दोन्हींना बळ होते. एक मत असे, की खेळाडू खरोखर बाहेर बसला, तर तो सामना मोजलाच पाहिजे. दुसरे असे, की सराव सामना आणि विश्वचषकाचा सामना यांचे वजन सारखे नसते, आणि शिक्षा वजनाने मोजायला हवी. शिक्षा ही काळाची असावी की संधीची, हा प्रश्न फौजदारी कायद्याच्या अभ्यासकालाही परका नाही. मला स्वतःला पहिले मत पटते. संधीचे वजन कोण ठरवणार, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले मी अजून पाहिलेले नाही.

त्याच सुमारास टोंगाच्या जॉर्ज मोआला याला, कॅनडाविरुद्ध समोरच्याला उचलून आपटल्याबद्दल, पाच आठवड्यांची बंदी झाली. दहापासून सुरुवात होऊन ती निम्म्यावर आली होती. गुन्ह्याचा प्रकार वेगळा होता, त्यामुळे दोन्ही प्रकरणे नियमाच्या दृष्टीने तुलनीय नव्हती. पण पॅसिफिक बेटांच्या चाहत्यांनी ती शेजारी शेजारी ठेवली, कारण त्यांचा प्रश्न नियमाचा नव्हताच. मोठ्या संघाच्या कर्णधाराची सुटका होते आणि लहान देशाचा खेळाडू विश्वचषकाचा मोठा भाग घरून पाहतो, हे दृश्य त्यांना वर्षानुवर्षे ओळखीचे होते. अभ्यासकाने इथे घाई करू नये. तुलना तांत्रिकदृष्ट्या चुकीची आहे असे म्हणून विषय मिटवणे सोपे आहे. परंतु अशा चुकीच्या तुलनेतूनच लोक आपला अविश्वास नेमका सांगत असतात, आणि त्या अविश्वासामागचा अनुभव अनेकदा खरा असतो.

लोक प्रकरणे शेजारी का ठेवतात, याचे आणखी स्पष्ट उदाहरण मार्सेलचे. 9 सप्टेंबर 2023 रोजी तिथल्या मैदानावर इंग्लंडच्या टॉम करीला अर्जेंटिनाविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला पिवळे कार्ड मिळाले आणि ते बंकरने लाल केले. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रीलची स्कॉटलंडच्या जॅक डेम्प्सीशी डोक्याला डोके लागून धडक झाली. क्रीलला कार्ड मिळाले नाही, नंतर त्याचे प्रकरण समितीपुढेही गेले नाही. एकच शहर, एकच मैदान, लागोपाठचे दोन दिवस. पुढचा आठवडाभर चाहते या दोन चित्रफिती थांबवून थांबवून पाहत होते. सुसंगती हा न्यायाचा पहिला गुण आहे, असे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

हे सारे बंकर आणि चित्रफितींच्या काळातलेच आहे असे मात्र नाही. 3 जानेवारी 1925 रोजी ट्विकनहॅमवर न्यूझीलंडच्या सिरिल ब्राउनलीला पंच अल्बर्ट फ्रीथी यांनी बाहेर काढले, तेव्हा आंतरराष्ट्रीय रग्बीत असा प्रकार पहिल्यांदाच घडला आणि त्यावरची चर्चा कित्येक दशके चालली. 2005 मध्ये क्राइस्टचर्चला आयर्लंडच्या ब्रायन ओ’ड्रिस्कॉलला न्यूझीलंडच्या ताना उमागा आणि केव्हन मीलामू यांनी उचलून टाकले, त्याचा खांदा निखळला. पण सायटिंग कमिशनरने प्रकरण पुढे नेले नाही. आयर्लंडमध्ये उमागाचे नाव आजही त्या सामन्याशी जोडले जाते. न झालेल्या सुनावणीची आठवण झालेल्या सुनावणीपेक्षा जास्त टिकते, हे माझे निरीक्षण आहे. त्यावर कोणी पद्धतशीर काम केले तर मला आनंद होईल.

पण बंदी इतिहास कसा वळवते हे समजून घ्यायचे असेल तर 1995 कडे जावे लागते. त्या विश्वचषकात 3 जून रोजी पोर्ट एलिझाबेथमध्ये दक्षिण आफ्रिका आणि कॅनडा यांच्या सामन्यात मारामारी झाली. जेम्स डाल्टनसह तिघे मैदानाबाहेर गेले. विंगर पीटर हेंड्रिक्सला सामन्यानंतर समितीपुढे उभे करून 90 दिवसांची बंदी घातली गेली. त्याच्या जागी, दुखापतीमुळे स्पर्धेआधी संघातून बाहेर पडलेल्या चेस्टर विल्यम्सला परत बोलावले. विल्यम्स हा त्या संघातला एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू होता, आणि उपांत्यपूर्व फेरीत पश्चिम सामोआविरुद्ध त्याने चार ट्राय केले. 24 जूनला दक्षिण आफ्रिकेने विश्वचषक जिंकला तेव्हा तो संघात होता. वर्णभेद संपलेल्या देशाच्या मनात त्या विजयाचे जे चित्र आहे, त्यात विल्यम्सची जागा मोठी आहे, आणि ती त्याला एका शिस्तपालन समितीच्या निर्णयातून मिळाली.

या सगळ्याच्या मुळाशी जे आहे त्याकडे अभ्यासकाने पाठ फिरवू नये. 2003 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातील हूकर स्टीव्ह थॉम्पसन याला वयाच्या चाळिशीच्या सुरुवातीलाच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. तो अंतिम सामना आपल्याला आठवत नाही, असे त्याने 2020 मध्ये जाहीरपणे सांगितले. डोक्याच्या टॅकलवरील शिक्षा वाढल्या त्या अशा आयुष्यांमुळे. सामन्याआधीच्या गप्पांमध्ये हे सहसा मोठ्याने बोलले जात नाही, पण ‘सहा म्हणजे फार’ आणि ‘सहा म्हणजे काहीच नाही’ म्हणणाऱ्यांमधला खरा मतभेद इथेच असतो. मी या बाबतीत कडक शिक्षेच्या बाजूचा आहे, आणि ते लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

चाहत्यांचे मत कालांतराने बदलते का? वेल्सचे उदाहरण घ्या. 15 ऑक्टोबर 2011 रोजी ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात कर्णधार सॅम वॉरबर्टनला फ्रान्सच्या व्हॅन्सां क्लेर्कवरील टॅकलबद्दल अ‍ॅलन रोलँड यांनी लाल कार्ड दिले. वेल्स 9–8 असा हरला. त्या रात्री वेल्समध्ये रोलँड यांच्या बाजूने बोलणारा शोधावा लागला असता. पुढे स्वतः वॉरबर्टननेच निर्णय बरोबर असल्याचे मान्य केले. संघाच्या चाहत्यांनी तेवढे अंतर किती वर्षांत आणि कोणत्या युक्तिवादांतून कापले, हे तपासण्याजोगे आहे.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार अनोळखी वाटेल असे मला वाटत नाही. जानेवारी 2008 मध्ये सिडनी कसोटीनंतर हरभजनसिंगवर सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोट्यांची बंदी घातली, तेव्हा आपल्याकडे नाक्यानाक्यावर पुराव्याचा कायदा चर्चिला जात होता. न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी अ‍ॅडलेडमध्ये अपील ऐकले, सचिन तेंडुलकरची साक्ष झाली आणि बंदी उठून मानधनाच्या निम्म्या रकमेचा दंड राहिला. कोणी काय ऐकले, कोणाचा शब्द ग्राह्य धरावा, साक्षीदार जवळचा असला तर काय, हे प्रश्न त्या दिवसांत घरोघरी विचारले गेले. ज्याने ते दिवस अनुभवले आहेत, त्याला फॅरेलची निर्णयपत्रे वाचताना अडचण येणार नाही.

पुढचे काम समोर आहे. 2025 च्या सिक्स नेशन्स स्पर्धेत वीस मिनिटांचे लाल कार्ड वापरले गेले : दोषी खेळाडू परत येत नाही, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा उतरतो. फ्रान्सच्या रग्बी महासंघाने या बदलाला उघड विरोध केला होता. संघाची शिक्षा हलकी झाली की चाहते खेळाडूची शिक्षा जड करायला सांगतील की दोन्ही हलक्या व्हाव्यात म्हणतील, हे कोणीतरी बसून ऐकायला आणि नोंदवायला हवे. आणि आपल्या जवळही एक प्रेक्षकवर्ग घडतो आहे. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचे पहिले सत्र झाले. तिथे आलेल्या बहुतेकांसाठी नियम नवे होते. या लीगमधल्या सात-सात खेळाडूंच्या खेळात पिवळ्या कार्डाची शिक्षा दोन मिनिटांची असते, आणि एवढ्याशा सामन्यात तीही भारी पडते. या प्रेक्षकांनी पहिल्यांदा ‘हे बरोबर नाही’ म्हटले ते कोणत्या कारणासाठी, क्रिकेटमधून आणलेल्या समजुतीने की रग्बीच्या स्वतःच्या नियमाने, याची नोंद आत्ता सहज करता येईल. काही वर्षांनी ती कोणालाही करता येणार नाही.