शब्दांमधले अंतर मोजण्याचा इतिहास

दोन शब्द एकमेकांजवळ कुठे आले आहेत हे शोधायचे, तर प्रत्येक शब्दाची जागा आधी टिपून ठेवावी लागते. हा खटाटोप संगणकाच्या फार पूर्वीचा आहे. तेराव्या शतकात पॅरिसच्या सेंट-जॅक मठात ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली डोमिनिकन साधूंनी लॅटिन बायबलची शब्दसूची तयार केली. बायबलमधल्या वचनांना तेव्हा क्रमांक नव्हते. म्हणून प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना ए ते जी ही अक्षरे दिली गेली. दोन शब्दांपुढे एकच अध्याय आणि एकच अक्षर दिसले, की ते जवळपास असणार. किती जवळ, हे मूळ पान उघडूनच कळे.

नेमकी मोजणी आणली ती वकिलांच्या गरजेने. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सगळ्या कायद्यांत मतिमंद मुलांसाठी वापरलेला जुना शब्दप्रयोग बदलायचा होता. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या जॉन हॉर्टी यांनी आधी विद्यार्थ्यांकडून कायदे वाचून घेतले. तरी काही जागा निसटल्याच. मग त्यांनी कायद्यांचा अख्खा मजकूर छिद्रपत्रांवर उतरवला आणि १९६० मध्ये वॉशिंग्टनला वकिलांच्या अधिवेशनात त्यावरचा यांत्रिक शोध करून दाखवला.

१९७३ मध्ये कायद्याचा मजकूर शोधून देणारी लेक्सिस ही सेवा बाजारात आली. तिच्यात ‘डब्ल्यू/५’ असे लिहिले की दोन शब्द पाच शब्दांच्या आत असलेले निकाल मिळत. आयबीएमच्या स्टेअर्स या शोधप्रणालीत आकड्यांऐवजी मजकुराच्या रचनेचा आधारही घेता येई : शब्द लागून हवेत, एका वाक्यात हवेत की एका परिच्छेदात. इंग्रजीबाहेर ही दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत जे सहा शब्दांत पसरते ते इथे दोन-तीन शब्दांत मावते. पाचाचा आकडा दोन्ही भाषांत एकच अंतर दाखवत नाही.

१९८५ मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी स्टेअर्सची परीक्षा घेतली. एका खटल्याची सुमारे ४०,००० कागदपत्रे, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख पाने, त्यात होती. आपल्याला ७५ टक्के संबंधित कागद मिळाले असे वकील धरून चालले होते. प्रत्यक्षात २० टक्क्यांच्या आसपासच मिळाले. कारण साधे होते. एक पक्ष ज्याला ‘अपघात’ म्हणे, त्याला दुसरा ‘दुर्दैवी घटना’ म्हणे किंवा नुसतीच ‘अडचण’. अंतर कितीही काटेकोर मोजले, तरी शब्दच वेगळा असेल तर मोजणी वाया जाते. शोधप्रश्नातल्या एकेका जागी अनेक पर्याय बसवता यायला हवेत, ही खरी निकड होती.

डग कटिंग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ल्यूसीन या शोध-सॉफ्टवेअरमध्ये अंतराला ‘स्लॉप’ हे नाव मिळाले. स्लॉप म्हणजे शब्द आपापल्या जागी आणायला लागणाऱ्या सरकवण्यांची मर्यादा. लगतच्या दोन शब्दांची अदलाबदल व्हायला किमान दोन सरकवण्या लागतात. पण पर्याय, शब्दसमूह आणि क्रम एकमेकांत गुंफायला एवढे पुरेना. त्यासाठी आधी ‘स्पॅन’ प्रश्न आले आणि २०१८ मध्ये ‘इंटरव्हल’. इंटरव्हलच्या मुळाशी क्लार्क, कॉरमॅक आणि बर्कोव्स्की यांनी १९९५ मध्ये मांडलेले बीजगणित आहे. त्यात प्रत्येक जुळणी म्हणजे मजकुराचा एक पट्टा. एका पट्ट्याच्या पोटात दुसरी जुळणी सापडली तर मोठा पट्टा टाकून द्यायचा, धाकटा ठेवायचा. या काटछाटीमुळे मोठ्या संग्रहातही शोध झपाट्याने होतो. वर, ‘अपघात किंवा दुर्दैवी घटना, त्यानंतर दहा शब्दांच्या आत ब्रेक, मधे विमा हा शब्द नको’ असा प्रश्न एकाच मांडणीत बसतो.

या काटछाटीचा फटकाही बसतो. ‘मोठा’ किंवा ‘मोठा लबाड’, आणि लगेच ‘लांडगा’ असे शोधले, तर ‘मोठा’ हा धाकटा पट्टा उरतो आणि ‘मोठा लबाड’ गळतो. त्यामुळे ‘मोठा लबाड लांडगा’ हे शब्द समोर असूनही निकाल कोरा येऊ शकतो. इंटरव्हल प्रश्न २०१९ मध्ये स्वीकारणाऱ्या इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीच्या मार्गदर्शिकेत ही उणीव नोंदवलेली आहे. तिथे सुचवलेला उपाय असा, की पर्याय आत न ठेवता ‘मोठा लांडगा’ आणि ‘मोठा लबाड लांडगा’ हे दोन्ही पूर्ण लिहून सर्वांत वरच्या पातळीवर द्यावेत.