‘डाएट’ सोडा : रोज प्यावा की टाळावा?

लवळे (ता. मुळशी) : चांदणी चौक मागे टाकून भूगाव, भुकूमवरून पिरंगुटच्या वाटेला लागले की लवळे फाटा येतो. भातखाचरांच्या या गावाचे रूप गेल्या वीस वर्षांत पालटले. टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठ आले, फ्लेम विद्यापीठ आले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली हजारो मुले-मुली येथील वसतिगृहांत राहू लागली. शेजारच्या पिरंगुटला हिंदुस्थान कोका-कोला बेव्हरेजेसचा शीतपेयांचा कारखानाही याच पट्ट्यात उभा राहिला. घरचे ताट सुटलेल्या वयात काय खावे-प्यावे, याचा निर्णय प्रथमच स्वतः घेणाऱ्या या पिढीसमोर दुकानातील शीतकपाट दोन पर्याय ठेवते : साखरेचे पेय किंवा ‘शून्य साखर’ असे मिरविणारे. वजनाची धास्ती असलेला तरुण दुसऱ्याला हात घालतो. ‘साखरच नाही, मग रोज दोन बाटल्या घेतल्या तर बिघडले कुठे?’ हा त्याचा प्रश्न वरवर साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही, कारण ते पेय कशाच्या जागी प्यायले जाते यावर बरेच काही ठरते.

आधी शब्दाचा घोळ दूर केलेला बरा. आपल्याकडे नुसता ‘सोडा’ म्हटले की गोटी सोड्याची बाटली आठवते. ते केवळ वायू मिसळलेले पाणी. त्याचा येथे संबंध नाही. डाएट सोडा म्हणजे कोला किंवा लिंबाच्या चवीचे असे पेय, ज्यात साखरेऐवजी कृत्रिम गोडवा घातलेला असतो. नेहमीच्या कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या डब्यात ३० ग्रॅमहून अधिक, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते आणि तिच्यातून सुमारे १३० कॅलरी मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५० ग्रॅमपेक्षा कमी, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत वरची साखर घ्यावी. म्हणजे एका डब्यातच दिवसाचा इष्ट वाटा संपून वर उधारी होते. डाएट पेयात हा आकडा जवळपास शून्य असतो. या पेयाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

गोडव्याचा वादग्रस्त इतिहास

कृत्रिम गोडव्याचा शोध कोणी ठरवून लावला नाही. १८७९ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॅकरिन सापडले ते प्रयोगशाळेतून आलेल्या हातांनी जेवताना अन्न गोड लागले म्हणून. १९६५ मध्ये अ‍ॅस्पार्टेम सापडले ते रसायनाचे बोट चाटले गेल्यामुळे. सुक्रालोजची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ महाविद्यालयात प्रा. लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक काम करीत होते. क्लोरीन जोडलेल्या साखरेचे एक संयुग तपासून पाहण्यास त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते ‘चाखून पाहा’ असे ऐकले आणि खरोखरच चाखले. आपल्या उच्चारात दोन्ही इंग्रजी शब्द ‘टेस्ट’च होत असल्याने हा घोटाळा समजण्यासारखा आहे. ते संयुग साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड निघाले.

या पदार्थांभोवती संशयाचे धुकेही जुनेच आहे. सायक्लामेटवर अमेरिकेने १९६९ मध्ये बंदी घातली. उंदरांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग आढळल्याने १९७७ मध्ये सॅकरिनवरही बंदीचा प्रस्ताव आला. पुढे ती प्रक्रिया माणसात तशी घडत नाही असे दिसून आल्यावर २००० साली तेथील वेष्टनांवरील इशारा काढून टाकण्यात आला. भारतात २००३ मध्ये शीतपेयांवरून जे रण माजले, ज्यासाठी शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, ते कीटकनाशकांच्या अंशावरून होते, गोडव्यावरून नव्हे. दोन्ही वादांची सरमिसळ आजही चर्चेत होते, म्हणून हा खुलासा.

‘संभाव्य’ या शब्दाचा अर्थ

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘माणसात कर्करोग घडविण्याची शक्यता असलेला’ या ‘२ बी’ गटात टाकले आणि सर्वत्र खळबळ उडाली. या संस्थेचे गट एखादा पदार्थ किती घातक आहे हे सांगत नाहीत. त्याच्याविरुद्धचा पुरावा किती पक्का आहे, एवढेच सांगतात. अ‍ॅस्पार्टेमबाबत यकृताच्या कर्करोगाशी संबंध सुचविणारा पुरावा मर्यादित ठरला. तुलनेसाठी पाहायचे तर ६५ अंशांहून अधिक गरम पेये याच संस्थेने एक पायरी वरच्या ‘२ अ’ गटात ठेवली आहेत आणि सुपारी तर सर्वांत वरच्या, म्हणजे कर्करोग घडवितेच असे सिद्ध झालेल्या पहिल्या गटात आहे. डाएट कोलाला हात लावायला घाबरणारा, पण जेवणानंतर सुपारीचे खांड तोंडात टाकणारा गृहस्थ आपल्याकडे दुर्मिळ नाही.

त्याच दिवशी अन्नातील मिश्रकांचा विचार करणाऱ्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अ‍ॅस्पार्टेमची दैनिक मर्यादा पूर्वीचीच, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरले, तर ५० किलो वजनाच्या विद्यार्थिनीला ही मर्यादा गाठण्यासाठी दिवसाला सात ते दहा डबे रिचवावे लागतील. इतके पिणारे विरळाच. पण हाच हिशेब १५ किलो वजनाच्या मुलाला लावला की मर्यादा दोन-तीन डब्यांवर येते आणि मग ते गणित तितकेसे निर्धास्त राहात नाही. अ‍ॅस्पार्टेम पोटात गेल्यावर त्यातून थोडे मिथेनॉल सुटते, ही भीतीही वारंवार घातली जाते. तेवढ्याच टोमॅटोच्या रसातून मिळणारे मिथेनॉल त्याहून अधिक असते.

वजन खरोखर उतरते काय?

कर्करोगाच्या गदारोळात त्याच वर्षीच्या मे महिन्यातील एक बातमी झाकोळली गेली. वास्तविक तीच अधिक महत्त्वाची होती. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेतर गोडव्याचा आधार घेऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना जागतिक आरोग्य संघटनेने १५ मे २०२३ रोजी प्रसिद्ध केली. दीर्घकाळात वजन घटल्याचा पुरावा नाही. उलट टाइप-२ मधुमेह व हृदयविकार यांचा धोका किंचित वाढलेला दिसतो, असे तिचे म्हणणे. ही सूचना सशर्त आहे आणि आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, हे मात्र विसरता कामा नये.

या निष्कर्षामागील अभ्यास दोन जातींचे आहेत आणि त्यांचे सूर जुळत नाहीत. पहिल्या जातीत माणसे काय खातात-पितात याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते. फ्रान्समधील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या अशा पाहणीत (२०२२) कृत्रिम गोडवा अधिक घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी अधिक आढळले. टक्केवारी कानाला मोठी लागते. प्रत्यक्षात ते दर लाख व्यक्तिवर्षांमागे ३१४ ऐवजी ३४६ रुग्ण असे होते. शिवाय येथे कोंबडी आधी की अंडे, हा पेच आहेच : वजन वाढलेली, घराण्यात मधुमेह असलेली माणसेच डाएट पेयाकडे वळतात, मग पेयामुळे आजार आला की आजाराच्या चाहुलीमुळे पेय आले? संशोधक गणिती दुरुस्त्या करतात, पण शंका पूर्ण फिटत नाही.

दुसऱ्या जातीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसे दोन गटांत वाटून एकाला एक, दुसऱ्याला दुसरे दिले जाते. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलिलिटर पेय देण्यात आले. काहींचे साखरेचे, काहींचे बिनसाखरेचे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बिनसाखरेच्या गटातील मुलांचे वजन सुमारे एक किलोने कमी वाढले. आपल्याकडे चेन्नईच्या संशोधकांनी १७९ मधुमेही प्रौढांच्या चहा-कॉफीतील साखर काढून बारा आठवडे सुक्रालोज दिले. २०२४ मधील अहवालानुसार तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेत लक्षणीय फरक पडला नाही, वजन व कंबरेचा घेर थोडा घटला.

दोन्ही एकत्र ठेवली की चित्र बरेच स्वच्छ होते. जो रोज साखरेची बाटली पितो, त्याने डाएट पेय घेतले तर त्याचा फायदा आहे. जो पाणी किंवा ताक पितो, त्याने आरोग्यासाठी म्हणून ते सुरू केले तर मिळवायचे काहीच नाही. साखरेपासून सुटण्याची एक पायरी म्हणून या पेयाला मोल आहे. पायरीवरच मुक्काम ठोकणाऱ्याला मात्र जिभेची गोडाची ओढ सोडत नाही.

पुणेकरांसाठी वेगळा हिशेब

पुण्यात हा विषय अधिक गांभीर्याने घेण्याचे कारण येथील संशोधनातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी साठलेली, अशी ही भारतीय ठेवण. काट्यावरचा आकडा पाहून ‘मला काय होते’ म्हणणाऱ्या तरुणाची यात फसगत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोक असल्याचा अंदाज दिला आहे.

अशा शरीराला ‘शून्य साखर’ हा परवाना वाटू लागला की घात होतो. डाएट पेय घेतले म्हणून सोबत बर्गर आणि तळलेले बटाटे चालतील, हा हिशेब उपाहारगृहाच्या टेबलावर सर्रास मांडला जातो. चहाकडेही पाहावे. दिवसाकाठी दोन चमचे साखरेचे चार कप घेणाऱ्याच्या पोटात एका कोलाइतकी साखर गेलेलीच असते. उसाचा रस ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक समजला जातो. त्याच्या मोठ्या पेल्यातील साखरही कोलापेक्षा कमी नसते.

कृत्रिम गोडवा आतड्यातील सूक्ष्म जीवांवर परिणाम करतो, असे इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवरील प्रयोगातून मांडले. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांपैकी काहींची रक्तशर्करा हाताळण्याची क्षमता बदलली. अ‍ॅस्पार्टेमबाबत तसे ठळकपणे दिसले नाही. प्रयोग दोन आठवड्यांचा होता. त्यावरून जन्मभराचे भाकीत करणे घाईचे होईल.

दातांबाबत मात्र शंकेला जागा नाही. साखर नसल्याने कीड कमी लागते, पण कोलातील फॉस्फरिक आम्ल आणि लिंबू-चवीच्या पेयांतील सायट्रिक आम्ल डाएट बाटलीतही तेवढेच असते. अशा पेयाचा सामू तीनच्या आसपास असतो, तर दाताचे कवच साडेपाचच्या खाली विरघळू लागते. अभ्यासाच्या टेबलावर बाटली ठेवून तासभर घोट घोट घेण्याची सवय त्यामुळे एका दमात पिण्याहून वाईट. पिऊन लगेच दात घासल्यास मऊ पडलेले कवच अधिक झिजते. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी. कोलात कॅफिनही असते. परीक्षेच्या काळात रात्री अकराला उघडलेली बाटली झोप उडविते आणि अपुरी झोप दुसऱ्या दिवशी भूक वाढविते, हा फेरा वजनाच्या चिंतेतून डाएट पेयाकडे आलेल्याला परवडणारा नाही.

नियमांच्या फटीत

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांना आवारात जंक फूडची विक्री बंद करण्यास सांगितले. शाळांसाठीच्या २०२० च्या केंद्रीय नियमांत स्निग्धांश, मीठ व साखर यांचे अधिक प्रमाण हा निकष आहे. डाएट पेयात यांपैकी काहीच अधिक नसते. त्यामुळे ते अशा निकषांतून अलगद निसटते. करात उलटा प्रकार आहे. सप्टेंबर २०२५ पासून गोड शीतपेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर असून साखर असो वा कृत्रिम गोडवा, दर एकच. ब्रिटनने २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला आणि कंपन्यांना पेयातील साखर कमी करणे भाग पडले. तसा रेटा आपल्याकडे नाही. तरीही २०२५ मध्ये बिनसाखरेच्या छोट्या बाटल्या दहा रुपयांत बाजारात आल्या, त्या कंपन्यांमधील स्पर्धेमुळे. ही किंमत वसतिगृहातील विद्यार्थ्याच्याच नव्हे, शाळकरी मुलाच्याही खिशाला पेलणारी आहे.

त्या मुलाच्या हातातील बाटलीवर बारीक अक्षरांत बरेच काही लिहिलेले असते. ९५० म्हणजे असेसल्फेम पोटॅशियम, ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ म्हणजे सुक्रालोज. ‘मुलांसाठी शिफारस नाही’ ही सूचना भारतीय नियमांनी घालून दिलेली आहे. अ‍ॅस्पार्टेम असल्यास फिनाइलकिटोन्युरिया या जन्मजात विकाराच्या रुग्णांनी ते घेऊ नये, असेही लिहावे लागते. त्यांच्या शरीरात फिनाइलअ‍ॅलनिन साचून मेंदूला इजा होते आणि त्यांच्यासाठी एक बाटलीही अधिकच. ही अक्षरे बहुधा मागच्या बाजूला असतात. पुढे ठळक असते ते शून्य.