छोट्या कार्यालयाचे नेटवर्क बंद पडते तेव्हा : दोषशोधाची शिस्त

दहा-बारा संगणकांच्या कार्यालयात नेट बंद पडले की पहिला उपाय ठरलेला असतो : राउटर बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. कधी काम सुरू होते, कधी होत नाही. दोष कुठे होता हे मात्र दोन्ही वेळा कळत नाही. राउटरमधल्या नोंदी, कोणत्या संगणकाला कोणता पत्ता दिला होता त्याची यादी, कोणते दिवे लागले होते आणि कोणते विझले होते, हा सगळा पुरावा त्या एका बटणाने पुसला जातो. महिन्याभराने तोच दोष परत येतो आणि शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

या विवेचनाचा मुद्दा एकच आहे. नेटवर्कची दुरुस्ती सहसा सोपी असते : एखादी तार बदलायची, एखादे सेटिंग नीट करायचे. कठीण असते ते दोषाची हद्द ठरवणे. म्हणून चाचणी अशी निवडावी की उत्तर ‘हो’ येवो वा ‘नाही’, शोधायचा भाग कमी झालाच पाहिजे. उत्तर काहीही आले तरी आपल्या माहितीत भर पडत नसेल, तर ती चाचणी करण्यात वेळ घालवू नये.

१. नमुना

समजा, एका सीएचे कार्यालय आहे. बारा संगणक, एक नेटवर्क प्रिंटर, १६ पोर्टचा साधा स्विच, एक राउटर आणि त्याच्या आधी फायबर जिथे संपते ती ओएनटीची पेटी. टॅलीचा डेटा एका संगणकावर, बाकीचे तिथून उघडतात. महिन्याची २० तारीख आहे, म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याची शेवटची मुदत. अशा वेळी कुणीतरी सांगते, ‘नेट बंद आहे.’

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली नेटवर्कच्या सात स्तरांचे प्रारूप प्रसिद्ध केले. अभ्यासाला ते उत्तम आहे, पण छोट्या कार्यालयाचे काम चार प्रश्नांत भागते. तार जिवंत आहे का? पत्ता मिळाला आहे का? बाहेरचा रस्ता खुला आहे का? नावावरून पत्ता सापडतो का? हे प्रश्न याच क्रमाने विचारायचे, कारण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधीच्या प्रश्नावर उभे असते.

२. व्याप्ती : कुणाचे बंद, काय बंद

यंत्राला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली, एकाचेच बंद आहे की सगळ्यांचे. एकाचेच असेल तर दोष त्या संगणकात, त्याच्या तारेत किंवा स्विचच्या त्या पोर्टमध्ये आहे. राउटरकडे जाण्याचे कारणच उरत नाही. दुसरी, टॅली उघडते का आणि प्रिंट निघते का. दोन्ही होत असेल तर स्विच आणि आतल्या तारा ठीक आहेत, दोष राउटरपाशी किंवा त्याच्या पलीकडे आहे. तिसरी, मोबाइलचे वाय-फाय बंद करून सिमच्या डेटावर तेच संकेतस्थळ उघडते का. तिथेही उघडत नसेल आणि बाकीची संकेतस्थळे उघडत असतील, तर आपले नेटवर्क निर्दोष आहे. मुदतीच्या दिवशी ही तपासणी सर्वांत आधी करावी.

यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा : आज काय बदलले? नवा प्रिंटर आला का, टेबले हलली का, लाईट जाऊन आली का? चाललेले नेटवर्क बंद पडते तेव्हा त्यामागे बहुधा काहीतरी घडलेले असते आणि ते कुणीतरी पाहिलेले असते. मात्र ‘काय केलेस?’ असे विचारले की माणूस गप्प बसतो. ‘काय बदललेले दिसले?’ असे विचारले की माहिती मिळते.

३. तार आणि वीज

ओएनटीवर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. लॉसचा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. राउटर किंवा संगणकांशी काहीही करून तो येणार नाही. नेट देणाऱ्याला फोन करून ‘लॉस लाल आहे’ एवढेच सांगावे. त्याचा माणूस मीटर लावून प्रकाशाची पातळी मोजतो. ती साधारण उणे २७ डीबीएमच्या खाली गेली की जोडणी टिकत नाही. टेबल भिंतीला सरकवताना फायबर काटकोनात दुमडली गेली तरी ही पातळी घसरते, म्हणून फोन करण्याआधी तेवढे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

तांब्याच्या तारेचे दोष जास्त फसवे असतात. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात, आणि एका टप्प्यात तिची मर्यादा १०० मीटर आहे. १०० मेगाबिटच्या वेगाला १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा पुरतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे खुर्चीच्या चाकाखाली एखादी जोडी तुटली, तर पुष्कळदा जोडणी जात नाही, फक्त वेग १०० वर उतरतो. दोन्ही टोकांना गिगाबिटची यंत्रे असून संगणक १०० दाखवत असेल, तर तार किंवा तिचे क्रिंपिंग संशयित धरावे.

इथे अदलाबदलीची चाचणी उपयोगी पडते. चालू असलेल्या संगणकाची पॅच कॉर्ड बंद संगणकाला लावायची. दोष कॉर्डबरोबर गेला तर कॉर्ड वाईट. जागेवरच राहिला तर पोर्ट बदलून पाहायचे. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कॉर्ड आणि पोर्ट एकदम बदलले आणि काम सुरू झाले, तर दोघांपैकी दोषी कोण हे कळत नाही आणि खराब कॉर्ड पुन्हा खणात जाऊन पडते.

४. पत्ता

तार जिवंत असेल तर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन पत्ता पाहावा. पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी करते. १९९३ साली ही पद्धत मानक म्हणून मांडली गेली. छोट्या कार्यालयात ते काम राउटरच करतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने मागणी केली, कुणी उत्तर दिले नाही आणि त्याने स्वतःच स्वतःला पत्ता देऊन टाकला, असा त्याचा अर्थ. एकाच संगणकाची अशी स्थिती असेल तर त्याची तार पुन्हा तपासावी. सगळ्यांची असेल तर राउटर पाहावा.

याहून अवघड प्रसंग म्हणजे चुकीचा पत्ता मिळणे. आपल्या नमुन्यातच तो पाहू. निम्म्या लोकांचे नेट आणि टॅली व्यवस्थित चालते, निम्म्यांचे दोन्ही बंद. तारा ठीक, दिवे हिरवे. चालणाऱ्या संगणकावर पत्ता १९२.१६८.१.२३ आणि गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता, १९२.१६८.१.१. बंद संगणकावर पत्ता १९२.१६८.०.१०४ आणि गेटवे १९२.१६८.०.१. म्हणजे कार्यालयात पत्ते वाटणारे दोन आहेत. आतल्या केबिनमध्ये सिग्नल नीट येत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना वाय-फाय राउटर आणला आणि स्विचची तार त्याच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये घातली. तेव्हापासून पत्ता मागणाऱ्याला दोन्ही राउटर उत्तर देतात, आणि ज्याचे उत्तर आधी पोहोचते त्याचा पत्ता सहसा घेतला जातो. जुन्या राउटरला बाहेरचा रस्ताच नाही, त्यामुळे त्याच्याकडून पत्ता घेणारा अडकतो. टॅलीचा संगणकही त्याला परका होतो.

या दोषाचा स्वभाव नीट पाहण्यासारखा आहे. सकाळपासून चालू असलेले संगणक आपला पत्ता मूळ राउटरकडूनच वाढवून घेतात, म्हणून ते चालत राहतात. जो संगणक रीस्टार्ट होतो, तो नव्याने चौकशी करतो आणि सापळ्यात सापडू शकतो. म्हणजे ‘एकदा रीस्टार्ट करून बघा’ हा सल्ला इथे दोष पसरवतो. एकेक करून सगळे बंद पडतात आणि दोष मोठा होत चालला असे वाटते, प्रत्यक्षात उपायच तो वाढवत असतो. आयपीकॉन्फिग-ऑलमध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’ची ओळ असते, दोन संगणकांवरची ती ओळ शेजारी ठेवून पाहिली की उलगडा होतो. जुना राउटर ठेवायचाच असेल तर त्यातले डीएचसीपी बंद करून त्याला कार्यालयाच्या मालिकेतला मोकळा पत्ता द्यावा.

दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच असेल तर लक्षण वेगळे दिसते : सगळ्यांचे नेट येते-जाते. तेव्हा ‘एआरपी -ए’ ही आज्ञा दोन-तीन संगणकांवर द्यावी. गेटवेच्या एकाच पत्त्यासमोर दोन वेगवेगळे हार्डवेअर पत्ते दिसले, तर एकाच पत्त्याचे दावेदार दोन आहेत.

५. रस्ता आणि नाव

पत्ता योग्य असेल तर पिंगची पायरी येते. माइक मुस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेले हे छोटे साधन आजही पहिल्या क्रमांकाचे आहे. आधी गेटवेला पिंग करावे, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. गेटवे उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडच्या बाजूला. बाहेरचा पत्ता उत्तर देतो पण नाव सापडत नाही, तर दोष डीएनएसमध्ये. राउटरमधला डीएनएस सर्व्हरचा पत्ता तपासावा. एक सावधगिरी मात्र हवी : पिंगला उत्तर आले तर रस्ता आहे हे सिद्ध होते, पण उत्तर आले नाही म्हणून रस्ता नाही हे सिद्ध होत नाही. विंडोजचा फायरवॉल अनेकदा पिंग अडवतो.

दोन दोष या पायऱ्यांतून निसटतात. एकाच संगणकावर बहुतेक सगळी संकेतस्थळे सुरक्षिततेचा इशारा देत असतील, तर आधी तारीख पाहावी. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात. दुसरा दोष आकाराचा. पीपीपीओईच्या जोडणीत पाकिटाची मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइटची असते. ती जुळली नाही तर लहान पिंग सहज जाते, मोठे पान मात्र अर्ध्यात अडकते. अशा वेळी तुकडे न पाडता १४६४ बाइटचे पिंग पाठवून पाहावे. शीर्षाचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात.

६. लूप

सगळेच एकदम ठप्प, टॅलीही नाही, प्रिंटरही नाही, आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात वेगाने लुकलुकत आहेत : हे लूपचे चित्र. टेबलाखाली पॅच कॉर्डचे मोकळे टोक दिसते, कुणीतरी सद्हेतूने ते स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये घालते, आणि त्या कॉर्डचे दुसरे टोक आधीच त्याच स्विचमध्ये असते.

एवढ्याशा गोष्टीने सगळे का थांबते, याचे कारण इथरनेटच्या रचनेत आहे. आयपी पाकिटाला आयुष्याची मर्यादा असते; प्रत्येक राउटरपाशी ती एकाने घटते आणि शून्य झाली की पाकीट टाकून दिले जाते. इथरनेटच्या फ्रेमला अशी मर्यादा नाही. सर्वांना उद्देशून निघालेली एक फ्रेम लूपमध्ये शिरली की ती फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या प्रती सर्व पोर्टवर जातात. १०० मेगाबिटच्या तारेवर लहानात लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १ लाख ४८ हजार मावतात. काही क्षणांत तार त्याच प्रतींनी भरते आणि कामाच्या पाकिटांना जागा उरत नाही.

यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्रीची पद्धत शोधली. स्विच आपसांत बोलून जास्तीचा मार्ग झाकून ठेवतात. पण छोट्या कार्यालयात असतो तो स्वस्त, सेटिंग नसलेला स्विच, आणि त्यात ही सोय बहुधा नसते. तिथे हातानेच शोधावे लागते. आधी सगळ्या तारांवर क्रमांकाची चिठ्ठी लावावी. मग निम्म्या तारा काढाव्यात. दिवे शांत झाले तर दोषी तार काढलेल्यांत आहे, नाहीतर उरलेल्यांत. याप्रमाणे निम्मे-निम्मे करत गेले की १६ पोर्टांत चार पायऱ्यांत तार हाती लागते. इथेही स्विच बंद-चालू करून काही साधत नाही; तार जागेवर असेपर्यंत प्रतींचे वादळ पुन्हा उठणारच.

७. रीस्टार्टची जागा आणि नोंदीचे महत्त्व

रीस्टार्ट वर्ज्य नाही. राउटरची मेमरी भरली असेल किंवा तो खरोखर अडकला असेल, तर तोच उपाय आहे. पण तो पुरावा गोळा केल्यानंतर करावा : दिव्यांचा मोबाइलवर फोटो, एका चालू आणि एका बंद संगणकावरचा आयपीकॉन्फिग-ऑल, तीन पिंगची उत्तरे आणि वेळ. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि रीस्टार्टने नेट सुरू झाले तरी दोषाची ओळख आपल्याकडे राहते.

छोट्या कार्यालयात पूर्णवेळ तंत्रज्ञ नसतो. बाहेरचा माणूस येतो, दुरुस्त करतो, जातो, आणि त्याच्याबरोबर नेटवर्कची माहितीही जाते. म्हणून प्रत्येक कार्यालयाने एक कागद स्वतःकडे ठेवावा. स्विचच्या कोणत्या पोर्टची तार कुठे जाते, राउटर आणि प्रिंटर यांचे पत्ते, डीएचसीपी कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटते, नेट देणाऱ्याचा ग्राहक क्रमांक, हे त्यावर असावे. पासवर्ड मात्र वेगळे आणि सुरक्षित ठेवावेत. खाली प्रत्येक बिघाडाची एक ओळ लिहावी : तारीख, लक्षण, कारण, उपाय. हा कागद इंटरनेटवर किंवा नेटवर्कवरच्या संगणकात ठेवून उपयोग नाही, कारण गरज पडेल तेव्हा तिथे पोहोचता येणार नाही. तो छापून राउटरजवळ लावावा आणि एखादी तार जरी हलली तरी त्याच दिवशी त्यात दुरुस्ती करावी.