भीमथडीचें तट्टू आणि त्याचें खोगीर

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. त्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूर गांवाच्या कडेनें जाणारी घोड नदी पुढें याच भीमेस मिळते, व तिच्यावरून शिरुरास घोडनदी असेंहि म्हणतात. या थडीवरच्या तट्टांचा उल्लेख राजा बढे यांच्या गीतांत आहे, आणि २०२३ सालीं तें महाराष्ट्राचें राज्यगीत झाल्यापासून हें नांव लहान मुलांच्याहि तोंडीं असतें. परंतु हीं तट्टें दिसावयास देखणीं नव्हतीं. अरबी वा इराणी घोड्याशेजारीं तीं ठेंगणीं दिसत. मराठी फौजेंत सरदारांपाशीं उंची घोडे असत. सामान्य स्वाराच्या मांडीखालीं मात्र बहुधा देशी तट्टूच असे. अशा जनावरांवर भिस्त ठेवणाऱ्या फौजा १७५८ सालीं अटकेपर्यंत कशा पोंचल्या, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर घोड्याच्या रक्तांत शोधण्याची रीत आहे. तें त्याच्या पाठीवरील खोगिरांत आणि तोंडापुढील तोबऱ्यांतहि शोधलें पाहिजे.

प्रथम जमिनीचा विचार करूं. भीमेच्या कांठची जमीन काळी. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. पाऊस पडला कीं तीच माती फुगते व चिकट होते. पाय टाकला तर तो रुततो, आणि उपसून काढतांना मातीचें ढेकूळ घेऊनच वर येतो. गाड्यांचीं चाकें आंसापर्यंत जातात. नदी उतरावी तर पात्रांत वाळू, आणि वर चढावें तर खडकाळ माळ. अशा वाटेवर ओझ्याचा प्रत्येक शेर घोड्यास दुप्पट वाटतो.

सह्याद्रीकडे तर पावसाचा जोर याहून कितीतरी अधिक. औरंगजेबाच्या अफाट छावणीस या दोन्ही प्रदेशांचा अनुभव आला. १७०० सालच्या ऑक्टोबरांत माण नदीस रात्रीं पूर येऊन खवासपुरची छावणी बुडाली, व त्या धांदलींत खुद्द बादशहाच्या गुडघ्यास इजा झाली. पुढें १७०२ च्या पावसाळ्यांत विशाळगड घेऊन तो परत फिरला, तेव्हां पन्हाळ्यापर्यंतचे सुमारें तीस मैल काटण्यास त्याच्या फौजेला महिन्याहून अधिक काळ लागला. हत्ती होते, तोफा होत्या, तंबू होते. चालण्यास वाट मात्र नव्हती.

मराठी स्वारानें ही अडचण सामान वाढवून सोडविली नाहीं, तें कमी करून सोडविली. त्याच्या घोड्यावर लांकडी सांगाड्याचें जड जीन क्वचितच असे. असे तें खोगीर. खोगीर म्हणजे आंत भरती घालून शिवलेली जाड गादी. ती नीट भरली असेल तर स्वाराचा भार दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर पसरतो आणि मधला कणा मोकळा राहतो. भरती एका जागीं गोळा झाली, तर दोन मजलांतच पाठीस जखम होते आणि चांगला घोडाहि निकामी ठरतो. या भरतीसाठीं हाताला येईल ती चिंधी वापरीत, म्हणूनच निरुपयोगी माणसांच्या गर्दीस आजहि ‘खोगीरभरती’ म्हणतात. पण जुना स्वार त्या चिंध्यांस निरुपयोगी म्हणता ना!

खोगीर जागेवर ठेवण्यास पोटाखालून तंग आणि चढउतारावर तें पुढें सरकूं नये म्हणून शेपटीखालून दुमची. तोंडांत लगाम, पायांस रिकीब. दाण्यासाठीं तोबरा, मुक्कामीं बांधण्यासाठीं आगाडी-पिछाडीचे दोर आणि मेखा, अंग साफ करण्यास खरारा. वर एक घोंगडी: दिवसा ती खोगिरावर, रात्रीं स्वाराच्या अंगावर, पावसांत दोघांच्याहि उपयोगास. हातीं भाला, कमरेस तलवार. एवढ्यांत त्याचा संसार आटोपे.

तरीहि हलकें सामान म्हणजे हयगय नव्हे. सभासदाच्या बखरींत शिवाजी महाराजांच्या पागेची जी व्यवस्था सांगितली आहे, तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार येतो; आणि त्याच पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद येतो. म्हणजे पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा हे हवालदाराइतकेच अवश्य मानले होते. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस परतावें. तेथें दाणा, वैरण, औषधें आणि घोड्यांसाठीं गवतानें शाकारलेलीं घरें आधींच सिद्ध असावीं. दसऱ्यास पुन्हां कूच करावें, असा क्रम होता. चिपळुणाकडील छावणीच्या अंमलदारांस महाराजांनीं लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. सांठविलेली वैरण आतांच उधळाल तर ऐन पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील आणि तें पाप तुमच्या माथीं येईल. शिवाय रयतेस उपद्रव लागेल, असा त्याचा आशय आहे. जळती वात उंदरानें नेऊन गवताची गंजी पेटेल, इतकी बारीक काळजीहि त्यांत आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचा हा राजा, आणि त्याचें लक्ष गवताच्या काडीवर!

या काळजीचें फळ भीमेच्या कांठींच दिसलें. दौंडापासून जवळ, नदीच्या पलीकडल्या तीरावर पेडगांव येथें मोंगल सुभेदार बहादुरखानाचें ठाणें होतें. १६७४ सालच्या जुलैंत मराठ्यांच्या एका टोळीनें हूल देऊन खानास दूर ओढून नेलें, आणि दुसऱ्या मोठ्या टोळीनें मोकळ्या छावणीवर झडप घातली. दोनशे उत्तम घोडे व मोठा खजिना हातीं लागल्याची वार्ता त्या काळच्या इंग्रज वखारवाल्यांपर्यंत पोंचली होती. वेळ पावसाळ्याची. ज्यांचें ओझें थोडें, त्यांस ही वाट तेव्हांहि मोकळी होती.

मात्र या पद्धतीस एक दुखरी बाजू होती. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा पडला कीं शिलेदाराचें भांडवल, चाकरी आणि मान तिन्ही एकदम गेलीं. मग घमासान गर्दींत घोडा घालतांना त्याचा हात आखडला, तर त्यास भित्रा म्हणणें अन्यायाचें होईल; घरीं बायकापोरें त्या चार पायांवर उभीं होतीं. आणि दाणावैरण तुटली तर हलकेपणाहि कामास येत नाहीं. १७६१ सालीं पानिपतावर हेंच झालें. रसद बंद पडली, घोडीं उपासानें खंगलीं, आणि ज्यांच्या वेगावर फौजेनें विसंबावें तीं लढाईआधींच अर्धीं हरलीं होतीं.

पेशवाईच्या अखेरीस हीच विद्या इंग्रजांनीं आपल्या कामास लावली. १८१७ च्या जूनमधील पुण्याच्या तहानंतर त्यांनीं पूना ऑक्झिलरी हॉर्स हें घोडदळ उभारलें. ३१ डिसेंबर १८१७ रोजीं रात्रीं कॅप्टन स्टाँटन शिरुराहून निघाला, तेव्हां महार शिपायांचा मोठा भरणा असलेल्या पायदळाबरोबर या नव्या घोडदळाचे सुमारें अडीचशें स्वार होते. रातोरात चालून ते सकाळीं भीमेवरील कोरेगांवीं पोंचले, आणि १ जानेवारी १८१८ ची लढाई तेथें झाली. पुढें पूना हॉर्स म्हणून नांवाजलेल्या घोडदळाचा उगम या पथकांत आहे. स्वारानें घोडा आपला आणावा वा त्याचें मोल भरावें, ही शिलेदारी पद्धत हिंदी घोडदळांत पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. त्या युद्धांत घोड्यांचा खप इतका झाला कीं स्वारास तो सोसवेना, आणि युद्धानंतर ती मोडली.

दौंडास त्यापूर्वींच आगगाडी आली होती. १८७८ सालीं मनमाडचा फांटा सुरू होऊन तें मोठें जंक्शन झालें. लष्करास तट्टूं नको झालें, सरदारांच्या पागा ओस पडल्या, आणि जातिवंत घोड्यांच्या शौकिनांनींहि त्यास विचारलें नाहीं. त्यास सांभाळलें तें धनगरांनीं आणि इतर फिरत्या मेंढपाळांनीं. पावसाळा सरला कीं मेंढरांमागून त्यांचा वाडा हलतो. भांडीं, पाल, कोंबड्या, कोंकरें आणि कधीं त्यांवर बसविलेलें मूल असें सारें या तट्टाच्या पाठीवर चढतें. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनें भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ती अगदीं अलीकडे.

इतिहासानें स्वाराचें नांव लिहून ठेवलें; नालबंदाचें, पखालजीचें आणि वैरण राखणाऱ्याचें लिहिलें नाहीं. भीमेच्या कांठानें पालें लादून जाणारें एखादें ठेंगणें तट्टूं दिसलें, तर त्याच्या पाठीवरचें ओझें कसें बांधलें आहे तें अवश्य पाहावें. तो भार दोन्ही अंगांस सारखा असतो, आणि मधला कणा मोकळा असतो.